मिटल्या डोळ्यांचा वर्ग

हिंदी मुलखाच्या काठावरच्या बालाघाटात एका कॉलेजात ग्रंथालयाच्या मागे एक लांबट खोली आहे. खिडकीला गज, गजांपलीकडे करंजाचं झाड, आणि आत दर शनिवारी दुपारी इतिहासाच्या मुलांचं वाचनमंडळ. तिथे एक पान वाचलं जातं, फक्त एक, आणि मग कालिंदी देशकर मॅडम म्हणतात, "चलो, आँखें बंद." सगळी मुलं डोळे मिटतात. मॅडमही मिटतात. पंखा कुरकुरत राहतो, करंजावर साळुंक्या भांडत राहतात, आणि व्हरांड्यातून जाणारा शिपाई मान हलवून पुढे जातो. कॉलेजात या मंडळाला 'झोपमंडळ' म्हणतात. ते साफ खोटं आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण मागच्या बाकावरचा वीरेंद्र खरोखरच झोपतो.

बाकीची मुलं मात्र बघत असतात. पानावर एवढंच असतं की अमक्या साहेबाच्या दौऱ्यात वैनगंगेच्या काठी तळ पडला. मग कुणाला तंबू दिसतात, कुणाला चुलीचा धूर येतो, एकीला तर कुठलंही पान वाचा, घोडेच दिसतात. डोळे उघडले की मॅडम फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढतात. डावीकडे लिहितात 'दिखा', उजवीकडे 'मिला'. ज्याला जे दिसलं ते डावीकडे जातं. पुढचा आठवडाभर पोरं पुस्तकं, नकाशे आणि म्हातारी माणसं धुंडाळतात, आणि त्यातून जे हाती लागेल ते उजवीकडे. डावी बाजू नेहमी भरगच्च, उजवी बाजू ओकीबोकी. घोडेवालीला आजवर एकही घोडा सापडलेला नाही. पण तिने आशा सोडलेली नाही आणि मॅडमनीही तिला सोडायला लावलेली नाही.

ही रीत कालिंदीने कुठल्या शिक्षणशास्त्रातून उचलली असं कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. तिचे वडील गोपाळकृष्ण देशकर जंगलखात्यात बाबू होते. कामानिमित्त छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीने कुठे कुठे जायचे आणि सुट्टीत लेकीला सोबत न्यायचे. गाडी साल-सागाच्या जंगलातून डुलत चालली की लेकीला मळमळायचं. मग बाबा म्हणायचे, "डोळे मिट. बाहेर काय आहे ते मी सांगतो." ते सांगायचे आणि तिला दिसायचं. नाला, नाल्यावर वाकलेला बांबू, मोर, मोराच्या मागे दुसरा मोर. एकदा तिने मध्येच डोळे उघडले, तर बाहेर नुसतं उन्हात वाळणारं पडीक रान.

"मोर कुठेय?"

"आत्ताच गेला," बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्रात तोंड लपवून हसले.

त्या दिवसापासून कालिंदीला दोन खोडी जडल्या. एक, डोळे मिटून बघायचं. दुसरी, उघडून तपासायचं. या दोन्ही मिळून तिचा इतिहास झाला. छोटी लाईन आता राहिली नाही, बाबाही राहिले नाहीत, पण खोडी राहिल्या. नवरा केदार बँकेत आहे, व्यवहाराचा माणूस. संध्याकाळी चहा गाळता गाळता विचारतो, "काय गं, आज किती जणांना झोपवलंस?" तीही म्हणते, "सगळ्यांना. तुलाच काय ती झोप येत नाही." संसार असा छान चालला आहे.

एक सल मात्र आहे, तो सांगितला पाहिजे. एम.ए. झाल्यावर तिला नागपूरला जाऊन संशोधन करायचं होतं. विषय ठरला होता, मार्गदर्शक ठरले होते. त्याच वर्षी आईने अंथरूण धरलं. नागपूर काही लांब नाही, पण आजारी आईच्या खाटेपासून ते फार लांब होतं. पुढे ती इथेच अतिथी प्राध्यापक म्हणून शिकवायला लागली आणि दरवर्षी नव्याने अतिथी होत राहिली. तक्रार ती करत नाही. फक्त कधीकधी एखादी पोरगी जुनं कागदपत्र हातात धरते आणि तिचा श्वास थांबतो. ते पाहिलं की कालिंदीला नागपूर आठवतं.

तशी पोरगी म्हणजे मंजू.

मंजू भोंडेकर तिरोडीकडची. बालाघाटात मावशीकडे राहून शिकते. घरी धानाची शेती, बाप प्रेमलाल कष्टाळू आणि सरळ, पण एकदा नाही म्हणाला की त्याच्या होकारासाठी देव पाण्यात ठेवावे लागतात. मंडळात मंजू सगळ्यात कमी बोलायची. इतरांना राजे, हत्ती, लढाया दिसत. हिला दिसायची ती दारात ठेवलेली पायताणं, कुणी अर्धवट टाकून गेलेलं जेवण, असलंच काहीतरी. मौखिक इतिहासाची कार्यशाळा झाली तेव्हा बाकीच्या पोरांनी म्हाताऱ्यांना विचारलं, आपके ज़माने में क्या होता था? मंजूने विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय जेवला होतात? म्हातारे आधी हसले आणि मग असे बोलायला लागले की आवरेनात. त्या दिवशी कालिंदी घरी आली आणि केदारला म्हणाली, "ही पोरगी नागपूरला जाणार बघ." आपण नकळत कुणाचं नागपूर बोलून गेलो ते तिला भाजी चिरताना उमजलं.

आणि नेमका त्याच पोरीचा बाप एका शनिवारी खिडकीशी येऊन उभा राहिला.

प्रेमलाल ट्रॅक्टरचा काही भाग घ्यायला शहरात आला होता. येताना लेकीसाठी तिळाचे लाडू आणले होते. व्हरांड्यात कुणी भेटलं नाही म्हणून त्याने गजांतून आत डोकावलं. आत भर दुपारी सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला. त्याची लेक मिटून, मॅडमही खुर्चीत मान मागे टाकून मिटलेल्या, आणि मागच्या बाकावरून वीरेंद्राचं रीतसर घोरणं. प्रेमलालने लाडवांचा डबा खिडकीत ठेवला आणि तो निघून गेला. मंजूने डोळे उघडले तेव्हा तिला गजांमागे घरचा डबा दिसला, आणि तिने मॅडमकडे पाहिलं तेव्हा मंजूचा चेहरा उतरला होता.

दोन दिवसांनी कालिंदीचा फोन वाजला.

"म्याडम, मी मंजूचा बाप बोलून राह्यलो. पोरीले झोपाले पाठवलं नाही म्या कॉलेजात. झोपाले आमच्या घरी जागा हाय."

"अहो काका, मुलं झोपत नव्हती—"

"म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं न." आणि मग, जरा नरमाईने, कारण मास्तरांशी असं बोलायची त्याला सवय नव्हती, "तुमचा राग नाही म्याडम. पण तिचं नाव आता गोंदियाले नर्सिंगले घालतो. तिथं पोरी जाग्या राहतेत. रातपाळी बी करतेत."

नर्सिंग वाईट आहे असं कुणी म्हणेल तर त्याची जीभ झडावी. चांगली नर्स म्हणजे गावाचा आधार. वाईट एवढंच होतं की मंजूला ते नको होतं, आणि तिला काय हवं होतं ते बापाला सांगता येईल असा शब्द तिच्याकडे नव्हता. ती कालिंदीला म्हणाली, "मॅडम, त्याले कसं सांगू? मी स्वतःच म्हणतो की इतिहास म्हणजे काय करतो आम्ही, तं डोळे मिटतो." आणि हसता हसता रडायला लागली. विदर्भाकडच्या कितीतरी पोरी स्वतःबद्दल 'म्हणतो, करतो' असंच बोलतात. एरवी कालिंदीला त्याचं कौतुक वाटे, पण त्या दिवशी तिला नुसतं भरून आलं.

योगायोग असा की पुढच्याच शनिवारी कॉलेजात पालकांसाठी करिअर मार्गदर्शन होतं. इतिहास घेऊन पुढे काय, हा विषय. व्याख्याता कालिंदीचाच जुना विद्यार्थी अपूर्व, आता एका संग्रहालयात नोकरीला. मंजूने बापाला कशीबशी गळ घातली. प्रेमलाल म्हणाला, "येतो. सोमवारी तं गोंदियाले जाणंच हाय, त्याच्या आधी तुह्या म्याडमले नमस्कार बी होईन."

मोठ्या हॉलमध्ये परीक्षेचे बाक लागले होते, म्हणून कार्यक्रम वाचनमंडळाच्याच खोलीत झाला. आईबाप जेवून आलेले. अपूर्व बिचारा मन लावून बोलला. पडद्यावर एकामागून एक चौकोन येत होते, चौकोनांत बाण, बाणांच्या टोकाला पदं: पुरालेखपाल, संग्रहपाल, मार्गदर्शक, प्रशासकीय सेवा. पंखा कुरकुरत होता. खोलीत सुखद अंधार केलेला. आणि हळूहळू, काय सांगावं, मागच्या ओळीपासून एकेक मान कलायला लागली. एक काका तर भिंतीला टेकून असे लागले की त्यांच्या तोंडात तांबूल असल्याचं तेही विसरले. अख्ख्या खोलीत टक्क जागा होता तो एकटा प्रेमलाल. हाताची घडी घालून बसला होता.

दिवे लागले, खिडकी उघडली गेली. अपूर्वने विचारलं, काही शंका? प्रेमलाल उभा राहिला.

"साहेब, तुमी सांगतलं ते चांगलं हाय. पण माह्या पोरीच्या क्लासात डोळे मिटून काय करतेत, ते यात कुठं हाय?"

लोक हसले. अपूर्वने कालिंदीकडे पाहिलं. आठवडाभर तिने मनात भाषण रचलं होतं, कल्पनाशक्ती, प्रमाण, पुरावा, आणि आता त्यातलं एक अक्षर आठवेना. ती एवढंच म्हणाली, "काका, सांगून नाही समजायचं. एकदा मिटून बघता का?"

"मी?"

"हौ, बाबा," मंजू मागून म्हणाली. "एक डाव."

प्रेमलालने आजूबाजूला पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं, पण लेकीचा आवाज कापत होता. तो खाली बसला आणि डोळे मिटले, इंजेक्शन घेताना मिटावेत तसे घट्ट.

मंजूने एक पान काढलं. जुन्या काळी मँगनीजच्या खाणींची पाहणी करणाऱ्या कुणा अधिकाऱ्याच्या अहवालातलं ते पान होतं, कोरडं ठक्क. मंडळासाठी तिने ते हिंदीत केलं होतं. आता मात्र ती ते वाचता वाचता आपल्या घरच्या बोलीत सांगू लागली. "उजाडलं की बाया खाणीवर येतेत. खाण खोल हाय. उतराले मातीतच पायऱ्या कापल्या हायेत. बाया डोक्यावर टोपलं घेऊन एकीमागं एक वर चढतेत. वर आल्या का दगड निवडून ढिगावर टाकतेत आन् पुन्हा खाली उतरतेत." एवढंच पान.

जागे झालेले आईबापही ऐकत होते. करंजाची पानं खिडकीत हलत होती आणि फरशीवर त्यांची सावली पाण्यासारखी थरथरत होती. कालिंदीने या वेळी डोळे मिटले नाहीत. ती प्रेमलालकडे बघत राहिली. आधी त्याच्या कपाळावरची आठी गेली. मग घट्ट मिटलेल्या पापण्या सैल झाल्या. मग त्याचे ओठ हलले.

"माय दिसली," तो म्हणाला.

मंजूने हातातलं पान खाली ठेवलं.

"माय होती माही खाणीवर. गोदाबाई. मी लहान होतो तवाच गेली. मंग बापानं खाणीचं नाव घरात घेऊ देलं नाही." तो डोळे न उघडताच बोलत होता. "चेहरा नाही दिसत. फोटो कुठं होता तवा. पण लुगडं दिसून राह्यलं. हिरवं हाय. हिरवंगार. पायरी चढून राह्यली."

त्याने डोळे उघडले. मंजू फळ्याशी गेली होती. मधोमध रेघ होतीच. तिने डावीकडे, 'दिखा'खाली लिहिलं, हिरवं लुगडं. प्रेमलाल त्या अक्षरांकडे बघत राहिला, मग उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे.

"अन् इकडं?"

"इकडं जे सापडते ते, बाबा. तुमाले दिसलं. पण तसं होतं का नाही, ते शोधा लागते. तेच करतो आम्ही."

"आता कोनाले विचारशीन? सारे गेले."

"रुख्माबाई हाय न. आजीच्या जोडीची. रामपायलीले लेकीकडं राहते म्हणता न तुमी."

प्रेमलालने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. टोपी घातली, कालिंदीला नमस्कार केला आणि म्हणाला, "सोमवारी गोंदियाले निघतो म्याडम." मंजू त्याच्या मागे गेली. दारात तिने एकदा वळून पाहिलं.

शिपाई फळा पुसायला आला तेव्हा कालिंदीने त्याला परत पाठवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रविवार कसा गेला ते विचारू नका. केदारने दोनदा चहा केला आणि दोन्ही कप गार झाले. "जाईल तिथे चांगलीच होईल ती," तो म्हणाला. खरं होतं. कालिंदीलाही पटत होतं, आणि तरीही आपल्या हातातून काहीतरी दुसऱ्यांदा निसटत आहे ही भावना जात नव्हती. पहिल्यांदा निसटलं तेव्हा ती तरुण होती, रडून मोकळी झाली होती. आता तेही जमेना.

सोमवारी तास संपल्यावर ती ग्रंथालयामागच्या खोलीत जाऊन बसली. खोलीत कुणी नव्हतं. फळ्यावर ते दोन शब्द तसेच होते. तिने खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

तिला दिसलं. गोंदियाची बस, खिडकीशी मंजू, मांडीवर पिशवी. बाजूला प्रेमलाल, बसायला जागा मिळाली म्हणून खूश. दोन्ही बाजूंना धानाच्या पाण्याने भरलेल्या बांध्या, त्यांत उभे बगळे. राजेगाव आलं, गेलं. राज्याची हद्द ओलांडली. मंजू काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होती, पण काय ते वाचता येईना, बस वेगात होती. आणि मग त्या पाण्यावरून, ध्यानीमनी नसताना, छोट्या लाईनची गाडी डुलत चालली आणि बाबांचा आवाज आला, तो बघ मोर.

"झोपल्या का म्याडम?"

तिने डोळे उघडले. गजांपलीकडे प्रेमलाल उभा होता. त्याच्यामागे करंजाच्या सावलीत मंजू.

"नाही," कालिंदी गडबडून म्हणाली. "बघत होते."

"काय दिसलं?"

"तुम्ही दोघं. बसमध्ये. राजेगावच्या पुढे गेला होतात."

"खोटं दिसलं तुमाले," प्रेमलाल म्हणाला. पहिल्यांदाच हसला. मग हसू मावळलं आणि त्याने दोन्ही हातांनी गज धरले. "काल रामपायलीले गेलतो. हिनंच विचारलं सारं, मी बाजूले बसलो. रुख्माबाई म्हणे, कायचं हिरवं बापा? खाणीत कोणतंही लुगडं घाला, दुपारवरी काळं. तुह्या मायनं जल्मात हिरवं नेसलं नाही, होतं कुठं तिच्यापाशी. मंग म्या म्हटलं, मले काहून दिसलं?"

मंजू पुढे आली आणि बापाच्या दंडाला हात लावून उभी राहिली.

"तं म्हणे, सवाष्ण गेली न ते," प्रेमलाल सांगू लागला. " आम्ही बायांनी वर्गणी करून हिरवं आणलं अन् नेसवलं. तू दारात उभा होता. तेच तुह्या डोळ्यात राह्यलं असन."

कालिंदी खुर्चीतून उठून खिडकीशी आली. बाहेर साळुंक्या कसल्यातरी किरकोळ गोष्टीवरून भांडत होत्या.

"इतक्या वर्षात म्या कोनाले विचारलं नाही," प्रेमलाल म्हणाला. "हिनं विचारलं. म्हणून गोंदियाले नेलं नाही. शिकू द्या हिले हेच." त्याने लेकीला दाराकडे ढकललं, जरा दांडगाईने, डोळे पुसायला हात मोकळा हवा होता म्हणून. मंजू आत आली. बाकावर पिशवी ठेवली, खडू उचलला आणि फळ्यासमोर उभी राहून विचारात पडली. तिचा हात डस्टरकडे जातोय असं खिडकीतून वाटलं असावं.

"हिरवं पुसू नको बाई," बाप गजांतून म्हणाला. "बाजूले काळं लिव."